सरकी टाकली, मावशी

मावशी, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच विद्यापीठाचं कार्ड आलं. आम्ही विहाराच्या पायरीवर चपला काढत होतो. त्यांचा ड्रायव्हर गठ्ठा घेऊन आला आणि त्यानं तो शेवंताकाकूच्या पुढे धरला. तिला उजवा हात नाही हे त्याला उशिरा दिसलं. मग ओशाळून गठ्ठा पायरीवर ठेवून गेला.

जाड, गुळगुळीत कागद. वर तुझा फोटो, तोंड उघडं, बोट समोर रोखलेलं. खाली छापलं होतं: "कै. कौसल्याबाई यांच्या पावन स्मृतीस. नाट्यविभाग, वेणातीर विद्यापीठ सादर करीत आहे, 'सरकी'. श्रद्धांजली प्रयोग. रविवार, दुपारी चार."

"कै म्हंजे काय वं?" शेवंताकाकूनं विचारलं.

"कैलासवासी," मी म्हटलं.

तू गेल्यापासून बायका पहिल्यांदा हसल्या. शांताबाई म्हणाली, "कौसल्या आन् कैलासात! अवं, तिथं पह्यल्याच दिवशी सरकी टाकली असन तिनं. हाकलून देल्ली असन एव्हाना."

मला हसू आलं नाही. तुझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. घराच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, त्याखाली कैलासवासी नव्हे, 'कालकथित' लिहिलेलं आहे, आणि त्याच फोटोखाली बसून या विभागाच्या पोरांनी तुझ्या हातचा चहा प्यायला. दोन वर्षं हे लोक 'समुदायासोबत' काम करत होते. दोन वर्षांत एकानंही मान वर करून भिंत वाचली नाही. तुला मेल्यावरही त्यांनी त्यांच्या स्वर्गात नेऊन बसवलं. तुला विचारलं नाही, जिवंत असतानाही विचारलं नव्हतं.

मी तिथंच, पायरीवर, ठरवलं की याचा हिशेब चुकता करायचा. आता केला आहे. तो तुला सांगायला बसले आहे.

पण आधी माझं सांगते, कारण सुरुवात माझ्यापासून आहे. मीच त्यांना तुझ्या अंगणात आणलं.

मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या हातात पत्रक होतं. पिपरी मेघेतल्या आमच्या संघटनेच्या खोलीत बसून मी ते लिहिलं होतं, स्वतःवर भलतीच खूश होऊन. नुकताच वेणातीरच्या नाट्यविभागात प्रवेश घेतला होता. नाटक आणि चळवळ एकत्र करीन असं डोक्यात होतं. जिनिंगचा कारखाना सुटून तुम्ही सगळ्या विहाराच्या अंगणात जमलात आणि मी उभी राहून वाचायला लागले, "हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या मुक्या, पिचलेल्या भगिनींनो."

दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत कपाळावर काहीतरी टप्पकन बसलं. खाली पाहिलं तर सरकीचा दाणा. पांढरं केसाळ बी, कापसातून रुई काढल्यावर उरतं ते.

"थांब," तू म्हणालीस. "सरकी पडली. आता पुढं नाई वाचाचं."

मी थांबले.

"मी कौसल्या. मले सांग, मुकी कोन वं इथंसा?"

तू वाट पाहिलीस. अख्खं अंगण वाट पाहत होतं. मागून शांताबाई म्हणाली, "बापा, हे तं सोताच मुकी झाली," आणि जो काय हशा पिकला, त्याच्यात माझं पत्रक, माझी संघटना, माझं पहिलं वर्ष, सगळं वाहून गेलं.

मग तू मला शेजारी बसवून नियम सांगितलास. जिनिंगमधून घरी येताना सरकी बाईच्या ओटीत येते, केसात येते, काढली तरी उरते. तुमच्या जलशात, म्हणजे विहाराच्या अंगणात तुम्ही बायका करता त्या नाटकात, जो बघायला बसतो त्याच्याकडे सरकी असते. रिंगणात कोणी खोटं बोललं, खोटं रडलं, आपली गोष्ट भलतीच फिरवली, की बघणाऱ्यानं सरकी टाकायची. सरकी पडली की करणारी जिथं असेल तिथं थांबते. टाकणारी उभी राहते, आपलं नाव सांगते, सवाल विचारते. लपून टाकायची नाही. उत्तर मिळाल्याशिवाय खेळ पुढे जात नाही, आणि उत्तर खोटं वाटलं तर दुसरी सरकी पडते. तुझी आई सांगायची म्हणे, की कधीकाळी एका गड्यानं बाईचं सोंग घेऊन बाळंतपणाचं भलतंच रडणं काढलं आणि मागून कोण्या बाईनं पदरातली मूठभर सरकी त्याच्या तोंडावर भिरकावली, तेव्हापासून हे सुरू झालं. खरं-खोटं तुलाही ठाऊक नव्हतं. "पन नियम खरा हाय," तू म्हणालीस. "मी रिंगणात असलो तं मलेबी लागू."

नाट्यविभागात मला जे शिकवत होते ते त्या एका संध्याकाळपुढे पाणी होतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी धावत जाऊन आमच्या सरांना सांगितलं. ते विभागप्रमुख. त्यांचे डोळे चमकले. "हे अद्भुत आहे," ते म्हणाले. मावशी, त्या वेळी मला कळायला हवं होतं. आपल्याकडे बघून कोणी 'अद्भुत' म्हणालं की दाराला कडी लावावी.

सर आले. अंगणात एकच प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर बसले. तू म्हणालीस, "सर, खाली बसा. खुर्चीवरून सरकी दिसत नाई." सर हसले, आणि तुझं वाक्य वहीत लिहून घेतलं. खुर्चीवर बसूनच.

त्यांना शेवंताकाकूची, तिच्या हाताची गोष्ट हवी होती. तुम्ही ती जलशात करत होता, ते मी सांगितलं होतं. तू हो म्हणालीस, पण अटी घातल्यास. अजून कानात आहेत. "तालीम इथं होईन, जीन सुटल्यावर. जे लिवान थे आमाले वाचून दाखवा लागन. आन् नाटक मुंबईले करा का दिल्लीले करा, सरकी टाकाले मानूस बसला पायजे. थे नसन तं आमची गोष्ट नोका नेऊ."

"अगदी!" सर म्हणाले. "हीच तर खरी भागीदारी." भागीदारी हा शब्द त्यांनी त्या दिवशी इतक्यांदा वापरला की शांताबाईनं मला हळूच विचारलं, "हे दुकान टाकून राह्यले का?"

पहिला महिना खरंच चांगला गेला. हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते आहे, कारण ते खरं आहे. मुलं सहा वाजता यायची, जमिनीवर बसायची. नाटकात तुझं काम विभागातली सायली करत होती. शेवंताकाकूचं काम करणाऱ्या मुलीनं पहिल्यांदा हात मशीनमध्ये जातो तो प्रसंग केला, किंचाळली, कोसळली, आम्ही विद्यार्थी टाळ्या वाजवणार एवढ्यात शेवंताकाकूची सरकी पडली.

"मी शेवंता. तू काऊन रडून राह्यली?"

"हात गेला ना, काकू."

"हात गेल्यावर बाई पह्यले रडत नाई, पोरी. पह्यले पाह्यते, कुठं गेला."

ती मुलगी उठली. मग तिनं पुन्हा केलं. या वेळी ती नुसती पाहत राहिली, रोलरकडे, शांतपणे, जणू हातातून काहीतरी खाली पडलंय. सायली तुझ्यासारखी धावली आणि मेन स्विच ओढला. कोणी टाळी वाजवली नाही. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं नाटक ते, आणि ते तीस-चाळीस बायकांपुढे, विहाराच्या फरशीवर झालं. ते लोक एवढ्यावर थांबले असते तर आज मी सरांच्या पाया पडले असते.

मग सुरू झालं. सहाची वेळ विभागाच्या वेळापत्रकात बसत नाही. मुलांची बस सुटते. "तुम्हीच या ना आमच्याकडे, गाडी पाठवतो." किती वाजता? सकाळी अकरा. सकाळी अकराला तू कापसाच्या ढिगावर असायचीस, हे सरांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. मग एक दिवस कॅमेरा घेऊन आले आणि जलसा टिपून नेला, 'दस्तऐवज' म्हणून. तो नेल्यावर तुमची गरजच संपली. तू तीनदा विचारलंस, लिवलेलं कधी वाचून दाखवता. तीनदा उत्तर आलं, अजून प्रक्रियेत आहे. ते उत्तर घेऊन येणारी मी होते, मावशी. तिन्ही वेळा. आणि तिन्ही वेळा मी ते खरं मानलं, कारण ते माझे सर होते आणि मला त्यांच्या नाटकात साहाय्यक म्हणून नाव मिळणार होतं.

एप्रिलमध्ये प्रयोग झाला. ऊन असं की हायवेचं डांबर चपलेला चिकटत होतं. तुम्ही चौदा जणी टेम्पोनं आलात, धुतलेल्या पांढऱ्या साड्या नेसून. प्रत्येकीच्या कमरेला सरकीची पुरचुंडी. प्रेक्षागृहाच्या दारात गार्डनं अडवलं.

"हे काय आहे?"

"सरकी," तू म्हणालीस.

"खायचं आत न्यायचं नाही."

"अरे बापा, ढोरं खातात हे. आमी नाई."

"बाहेरचं काहीच आत न्यायचं नाही, बाई. नियम आहे."

नियम त्याचाही होता. चौदा पुरचुंड्या पाण्याच्या बाटल्यांबरोबर निळ्या डस्टबिनमध्ये गेल्या. मी तिथं होते, गळ्यात विभागाचं ओळखपत्र. एक शब्द बोलले असते तर त्यानं सोडलं असतं. मला वाटलं, प्रयोगाला उशीर होईल.

तुम्हाला शेवटून दुसऱ्या रांगेत बसवलं. आणि मग नाटक पाहिलंत. हात जातो. तोपर्यंत सगळं खरं. आणि पुढे? पुढे कौसल्या मेन स्विच ओढत नाही. ती छाती पिटत बसते. मालक येतो, घाबरवतो, सगळ्या बायका माना खाली घालतात. मग विद्यापीठातून एक शिकलेली मुलगी येते, तिच्या हातात पत्रकं असतात, ती मालकाला कायदा सांगते, आणि शेवटी कौसल्या तिच्या पायावर डोकं ठेवून म्हणते, "ताई, तुम्ही नसता तर आम्ही मुक्याच राहिलो असतो." वरून सरकीचा पाऊस पडतो. थर्माकोलचे दाणे, निळा प्रकाश, संथ बासरी. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.

खरं काय झालं होतं ते तालुक्याला माहीत आहे. मी तेव्हा शाळेत होते. स्विच तू ओढलास. सुपरवायझर ओरडला, चालू करा, माल पडून राहतो. तू स्विचला पाठ लावून उभी राहिलीस. तीन दिवस तुम्ही कापसाच्या ढिगावर बसून राहिलात, पोरंबाळं घेऊन. प्रत्येक रोलरवर जाळी बसली तेव्हाच उठलात, आणि शेवंताकाकूला गेटवर हजेरी घ्यायचं काम मिळाल्यावर. कोणीही ताई आली नव्हती. तीन दिवसांत तुमच्याकडे फक्त एक कुत्रं आलं होतं आणि तेही भाकरीसाठी, असं शांताबाई सांगते.

तुमचा तो विजय होता. आयुष्यात एकदाच मिळालेला. तो त्यांनी काढून एका पोरीला दिला. आणि ती पोरगी मी होते, मावशी; ओढणीसुद्धा माझ्यासारखी हिरवी होती. आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. ती मुलगी रंगमंचावर आली तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. फार नाही, एक क्षण. छाती फुगली. मग मी मागे वळून पाहिलं. तू अर्धवट उठली होतीस, आणि तुझा हात कमरेला पुरचुंडी शोधत होता.

नंतर तुला मंचावर बोलावून शाल दिली. बाहेर पंचेचाळीस डिग्री. तू माईक मागितलास, तर निवेदिका म्हणाली, वेळेअभावी. परतीच्या टेम्पोत तू शाल मांडीवर घेऊन बसली होतीस. शांताबाईनं विचारलं, "काय करतं वं तिचं?" तू म्हणालीस, "ओली करून कुलरवर टाकतो. आग लागली हाय, थोडी तरी थंडी होईन." सगळ्या हसल्या. तू नाही.

त्यानंतर आपलं भांडण झालं. मी विभाग सोडला. चार पानी पत्रक लिहिलं, 'चोरांचं नाट्यगृह'. पुढचा प्रयोग बंद पाडायचा, गेटला कुलूप ठोकायचं, सरांच्या तोंडाला काळं फासायचं, सगळी तयारी. तुझ्या ओसरीवर बसून मी ते वाचून दाखवलं. तू खोकत ऐकत होतीस. तुझ्या छातीत कापूस बसला होता, डॉक्टरांनी वेगळं नाव सांगितलं होतं पण तू तेच म्हणायचीस. वाचून झालं. तू ओटीतून दाणा काढलास आणि माझ्या कागदावर टाकलास.

"मी कौसल्या. सांग मले. तुले आमची गोष्ट वापस पायजे, का सराचं नाक कापाचं आहे?"

"एकच झालं ना, मावशी."

दुसरा दाणा पडला. "एक नाई. नाटक बंद पाडलं तं थे खोटंच राह्यते. त्याहिले तिथंच थांबवा लागते, अर्ध्यात. तिथंच सवाल. नाटकानं उत्तर देल्लं पायजे."

"ते लोक उत्तर देणारे नाहीत. त्यांना फक्त मार कळतो."

"मी तुले त्याहिचं नाई विचारून राह्यली. तुहं विचारून राह्यली."

मी उठले. म्हटलं, तू म्हातारी झालीस, तुला आता भांडायचं नाही, शाल मिळाली ना. मावशी, मी असं म्हटलं. मी फटफटी काढली आणि पिपरी मेघेला निघून आले. पावसाळा गेला. तुझा निरोप दोनदा आला, "येजो म्हना, जवाब बाकी हाय तिचा." मी गेले नाही. जिनिंगचा नवा हंगाम सुरू झाला आणि शांताबाईचा फोन आला, तो तू गेल्याचा.

म्हणजे तुझी सरकी पडलेली आहे आणि मी उत्तर न देताच पुढे गेले. तुमच्या रिंगणात याहून मोठा गुन्हा नाही.

तर आता रविवार.

चौदा जणी होत्या, तू वजा तेरा, मी धरून पुन्हा चौदा. नव्या हंगामाची ताजी सरकी, अजून तेलकट. या वेळी पुरचुंडी नाही. अंबाड्यात. प्रत्येकीनं केस बांधताना आत मूठभर भरली. शेवंताकाकूला एका हातानं अंबाडा घालता येत नाही, तो रोज तू घालून द्यायचीस हे मला त्या दिवशी कळलं. मी घातला. सैल झाला. "कौसल्या आवळून बांधे," काकू म्हणाली. मी सोडून पुन्हा बांधला.

तोच गार्ड. पिशव्या तपासल्या, बाटल्या काढून घेतल्या. शांताबाई त्याला म्हणाली, "पाह्य बापा नीट, मंग म्हनशीन बाहेरचं आनलं."

या वेळी पहिली रांग दिली. श्रद्धांजली होती ना, फोटोत बायकांचे चेहरे हवे होते. सर पांढराशुभ्र कुर्ता घालून आले. दोन मिनिटं मौन झालं. भाषणात दोनदा 'कैलासवासी' म्हणाले. शांताबाईचा हात डोक्याकडे गेला. काकूनं डाव्या हातानं तो धरला. "हे मंग. पह्यले गोष्ट."

नाटक सुरू झालं. हात गेला. माना खाली गेल्या. हिरव्या ओढणीवाली आली. कायदा सांगितला. सायली तिच्या पायाशी वाकायला लागली, आणि शेवंताकाकूनं अंबाड्यातून दाणा काढून टाकला.

आवाज झाला नाही. मागच्या कोणाला दिसलाही नसेल. पण सायलीला दिसला. ती तुझ्या अंगणात एक महिना बसलेली होती, मावशी. सरांनी तिला पुढचं वर्षभर काय शिकवलं ते राहू दे. दाणा पडला आणि तिचं अंग आपोआप थांबलं. वाकलेली, तशीच. तेवढ्यात ठरल्या वेळी वरून थर्माकोलचा पाऊस सुरू झाला, बासरी वाजायला लागली, आणि त्या सगळ्या खोट्या सरकीत एक खरा दाणा तिच्या बोटांपाशी पडलेला.

काकू उभी राहिली. "मी शेवंता. हात माहा गेला. मले सांग पोरी, कौसल्या कोनाच्या पाया पडली?"

विंगेतून सरांचा आवाज आला, "चालू ठेव! सायली, चालू ठेव!"

सायली म्हणाली, "कोनाच्याच नाई."

"मंग उठ."

ती उठली.

"स्विच कोनं ओढला?"

"तिनं."

"मंग ओढ."

त्यांच्या नेपथ्यात स्विच नव्हताच, कारण त्यांच्या नाटकात तो कोणी ओढत नव्हतं. सायली चालत विंगेत गेली आणि तिथला खराखुरा, मंचाच्या विजेचा मोठा खटका खाली ओढला. निळा प्रकाश गेला. बासरी गेली. क्षणभर मिट्ट अंधार, आणि मग कोणीतरी घाबरून सभागृहाचे सगळे दिवे लावले. पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये सगळ्यांना सगळे दिसले.

सर धावत मंचावर आले. हात जोडून म्हणाले, भावना समजू शकतो, पण प्रयोगाची एक शिस्त असते. शिस्त म्हणताच तेरा अंबाडे सुटले. पांढऱ्या कुर्त्यावर सरकी दिसत नाही, फक्त टपटप आवाज येतो. मी पण टाकली. नेम धरून, छातीवर. मला खूप बरं वाटलं, आणि या वेळी त्याची लाज वाटली नाही.

"सर," काकू म्हणाली, "लिवलेलं वाचून काऊन नाई दाखवलं?"

"बघा, ते प्रक्रियेमध्ये..."

शांताबाईची सरकी पडली. "मी शांता. प्रक्रिया नोका सांगू. काऊन?"

सर गप्प झाले. मला ती शांतता ओळखीची होती. मी कपाळावर दाणा घेऊन तीत उभी राहिले होते. पाहुणे खुर्चीत हलले नाहीत. बायका वाट पाहत होत्या. त्यांना वाट पाहता येते, तीन दिवस ढिगावर बसलेल्या आहेत त्या.

शेवटी सर म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही शेवट बदलायला लावाल."

"लावलाच असता," काकू म्हणाली आणि खाली बसली.

मावशी, तिसरी सरकी कोणी टाकली नाही. उत्तर खरं होतं.

नंतर ते काकूपाशी आले. म्हणाले, विभागात या, आपण नव्यानं करार करू, सगळ्या अटी लिहू. काकू म्हणाली, "आमी काऊन येऊ? तुमी या. विहारात. गुरुवारी, जीन सुटल्यावर. सायलीले आना. आन् खुर्ची नाई हाय, आत्ताच सांगतो." नव्या कार्डावर काय छापायचं तेही सांगितलं. 'कालकथित' हा शब्द शांताबाईनं सरांकडून तीनदा म्हणून घेतला.

मी काय केलं विचारशील. मी गेटवर जाऊन पत्रकं वाटली. 'चोरांचं नाट्यगृह', चारही पानं. सगळी संपेपर्यंत. सरांच्या गाडीच्या काचेवर एक लावलं. तू नको म्हणाली असतीस. पाचव्या पानाची मात्र भर घातली होती: निरोप कोणी आणले, डस्टबिनपाशी कोण गप्प उभं होतं, हिरवी ओढणी कोणाची होती. नावासकट. लपून टाकायची नाही, हा तुझा नियम.

आज बुधवार. जिनिंग सुटायला अवकाश आहे. मी विहाराच्या पायरीवर बसून हे लिहिते आहे. उद्या सर इथं, या फरशीवर बसतील, आणि मी समोर बसेन, मूठ भरून. करार चांगला होवो. मी त्यांना माफ केलेलं नाही. ते मुंबईला जावोत की दिल्लीला, जिथं जिथं हे नाटक होईल तिथं पहिल्या रांगेत आमच्यातली एक बसलेली असेल, आणि प्रत्येक प्रयोगाला सर विंगेत उभे राहून तिच्या केसांकडे बघत बसतील. आयुष्यभर. तू हा नियम न्यायासाठी ठेवला होतास. मला त्यात सूडही सापडला, मी काय करू?

आता माझं उत्तर. मी प्राची. मावशी, मला दोन्ही हवं होतं, गोष्ट आणि नाक. आणि आधी नाक. गोष्ट शेवंताकाकूनं परत आणली. मी एकटी असते तर नुसतं नाक घेऊन घरी गेले असते, आणि मला तेवढ्यावर झोप लागली असती.

उत्तर खोटं वाटलं तर दुसरी सरकी पडते. मी लिहिणं थांबवून मान खाली घालून बसले. बराच वेळ. अंगणात कोणी नव्हतं.

पडली नाही.